डावा पाय आणि उजवं वळण

ज्यांच्या अंगावर एखादा चट्टा आहे आणि तो त्यांनी अजून कुणाला दाखवलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. फटफटी चालवणाऱ्यांच्या कामाच्या दोन गोष्टी यात आहेत, त्या फुकट घ्या.

मी मोठी आंजी गावचा. आमचा भाजीपाल्याचा मळा थोरला भाऊ आणि मी मिळून करायचो. वांगी, कोबी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. वर्ध्याच्या बाजारात भाजी न्यायला म्हणून मी एक जुनी फटफटी घेतली आणि तिच्यापायी गावानं मला मास्तर करून टाकलं. शाळेत मी सातवीच्या पुढं गेलो नाही, पण आंजीपासून रोहण्यापर्यंत मला मास्तर म्हणणारे जावई होते.

जावईच म्हणायचं, कारण त्या वर्षांत आमच्याकडे लग्नात जावयाला फटफटी द्यायची टूम निघाली होती. आधी घड्याळ, मग सायकल, मग रेडिओ आणि आता हे. गाडीला हार घालायचा, दिव्याला कुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं. मग नवरदेव त्यावर बसून फोटो काढायचा आणि खाली उतरायचा. कारण चालवता कुणाला येत होती? दोन दिवसांनी सासरा त्याला माझ्याकडे घेऊन यायचा. "मास्तर, येवढं शिकवून द्या. हातपाय तुटाच्या आत."

बंडीवाले

सरळ रस्त्यावर कुणीही चालवतो. माणूस कळतो तो वळणावर.

आमची सगळी माणसं बंडीत वाढलेली. बैलबंडीचं एक चाक वर चढलं, बंडी कलली, की आतला माणूस झटकन वरच्या बाजूला सरकतो. हे कुणी शिकवत नाही, लेकरू आपोआप शिकतं. पण फटफटीवर नेमकं हेच उलटं पडतं. गाडी डावीकडे झुकली की हे बहाद्दर उजवीकडे अंग टाकणार. वर आधाराला म्हणून आतल्या बाजूचा पाय खाली लोंबकळत सोडणार. म्हणजे पडायची सगळी तयारी.

मी ओरडायचो, "बंडी नाई हे, जावईबापू! गाडी जिकडं झुकते तिकडंच आपण झुकाचं. पाय वर!"

पायासाठी माझी एक युक्ती होती. पळसाची दोन पानं तोडायची आणि दोन्ही पावलांच्या खाली, फुटरेसवर दाबून धरायला सांगायची. पंजा फुटरेसवर, बोटं समोर, गुडघे टाकीला लागून. वळण संपल्यावर पानं जागेवर असली तर पास. पान पडलं म्हणजे पाय हलला. नापास झालेला जावई उतरून पान शोधत रस्त्यानं फिरायचा, आणि मळ्यातल्या बाया हसायच्या.

मागं बसणाऱ्यांना शिकवणं त्याहून कठीण. मागचा माणूस भ्याला की उलटा झुकतो आणि चालवणाऱ्याला गाडी ओढल्यासारखी वाटते. मी सगळ्यांना सांगायचो, तोंड खोटं बोलतं, मागच्या माणसाचं वजन खोटं बोलत नाही. तो तुमच्यावर विसंबला आहे की नाही, ते पहिल्याच वळणावर कळतं.

माझ्या मागं बसणाऱ्यांत एक नंबर होती कुसुम, माझी बायको. तिचं माहेर पवनार. तीही भाजीवाल्याचीच लेक, धाम नदीच्या काठावर मळा. लुगडं सावरून, दोन्ही पाय डावीकडे घेऊन ती आडवी बसायची, एक हात माझ्या खांद्यावर. वळण आलं की माझ्याबरोबर झुकायची, ना कमी ना जास्त. मागं कुणी आहे हे कळायचंही नाही. याचा मला गर्व होता. जावयांना उदाहरण म्हणून मी तिचं नाव सांगायचो आणि ती म्हणायची, "मले काऊन मधात घेता?"

चप्पल

सुरेश नावाचा एक जावई होता, आमच्याच गावची लेक दिलेला. त्याला मागं बसवून मी नाल्याजवळचं डावं वळण दाखवत होतो. तूर फुलली होती म्हणजे थंडी सुरू झाली होती. माझ्या पायांखाली पानं होती. वळण सुरेख निघालं. गाडी थांबवून मी म्हटलं, "पाह्यलं? पान हाय का नाई जागेवर?"

सुरेश गाडीवरून उतरून खाली वाकला. मग म्हणाला, "मास्तर, तुमची चप्पल?"

खाली पाहिलं तर डाव्या पायात चप्पल नव्हती. पानही नव्हतं. पाय फुटरेसवरून घसरून लोंबकळत होता आणि अंगठ्याचं पुढचं टोक डांबरानं सोलून नेलं होतं. रक्त टपटपत होतं. मला काहीच कळलं नव्हतं.

सुरेश मागं जाऊन चप्पल घेऊन आला. "दुखून नाई राह्यलं?"

"नाई."

"मास्तर," तो चप्पल हातातच धरून म्हणाला, "माह्या मामाले असंच झालतं." निघताना तेवढं म्हणाला, "दवाखान्यात जाजा."

खुणा आधीपासून होत्या. पिंढरीवर एक फिकट चट्टा होता, दोन-अडीच वर्षांचा. शिबं असेल म्हणून मी गंधकाचं मलम चोळत होतो. टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिला होता, तो कुसुमनं काढला तेव्हा म्हणाली होती, "येवढा काटा रुतला अन् तुमी चालून राह्यले?" मी छाती फुगवून म्हटलं होतं की आमची कातडी शेतकऱ्याची आहे. न दुखणाऱ्या गोष्टीची माणूस फुशारकी मारतो. तुम्हाला हे सांगायचं होतं म्हणूनच इतकं लिहिलं. न दुखणारा चट्टा दाखवा.

झालं

वर्ध्याजवळच्या दवाखान्यात मी आणि कुसुम एसटीनं गेलो. तो कसला दवाखाना आहे हे दोघांनाही माहीत होतं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या वहिनीएवढ्या. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाय लांब करायला सांगितले आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. कुठंही स्पर्श कळला की तिथं बोट ठेवा."

मी डोळे मिटले. वाट पाहत राहिलो. बाहेर कुणीतरी बादली घासत होतं. पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला, तेव्हा मला वाटलं बाई दुसऱ्या कामात गुंतल्या. मी म्हटलं, "करा ना बाई सुरू."

त्या म्हणाल्या, "झालं."

डोळे उघडले तर त्यांच्या एका हातात कापूस होता आणि दुसऱ्या हातात टाचणी. मी डोळे मिटून होतो, पण समोरच्या बाकावर बसलेल्या कुसुमचे डोळे उघडे होते. तिनं सगळं पाहिलं होतं. टाचणी कुठं कुठं लागली आणि मी कसा मख्ख बसून होतो, सगळं.

बाईंनी कुष्ठरोग असा शब्द वापरला. आमच्याकडे महारोग म्हणतात. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आता नवीन औषधं आली आहेत, तीन मिळून द्यायची, रोग पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की घरच्यांना भीती नाही. मी मान हलवत होतो. मला काही वाटत नव्हतं. भीती नाही, रडू नाही. बाई दुसऱ्या कुणाबद्दल सांगत आहेत आणि मी त्याचा निरोप घेऊन जायला आलो आहे, असं चाललं होतं.

मी एकच विचारलं, "गाडी चालवता येईन का?"

कुसुमनं माझ्याकडे असं पाहिलं की काही विचारू नका.

बाई म्हणाल्या, "रोग जाईल. पायातली गेलेली जाणीव परत येईल असं मी सांगत नाही. पायाला जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहावं लागेल. रोज, प्रत्येक वेळी. ते जमलं तर चालवा."

स्टँडवर येऊन मी दोन आलुबोंडे खाल्ले. चांगले गरम होते, मिरचीही तिखट होती. कुसुमनं तिचा आलुबोंडा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि तो घरापर्यंत तसाच आला.

पडला म्हणून सांगू

घरी भावाला सांगितलं. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. त्याची लेक मंगला लग्नाची होती आणि रोहण्याचं स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं.

दादा बराच वेळ विळ्याला धार लावत बसला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वासुदेव, लोकाईले काय सांगाचं?"

"तू सांग."

"फटफटीवरून पडला म्हणून सांगू. पायाले मार लागला, प्लास्टर लागलं. मंगलाचं होऊन जाऊ दे. मंग पाहू."

इथं वाचणाऱ्याला हसू येईल. मी त्या रस्त्यावर कधी पडलो नव्हतो. पावसात नाही, गाळात नाही, पोतं लादून नाही. पडलो नाही एवढीच माझी इज्जत होती, नाहीतर मळ्यात वांगी तोडणाऱ्याला मास्तर कोण म्हणतं? दादा दुसरं काहीही मागता तर कदाचित मी भांडलो असतो. पण त्या दिवशी राग जिथून येतो तिथंही बधिरपणा आला होता. मी म्हटलं, "सांग."

आठ दिवसांत सगळीकडे झालं, मास्तर पडला. वहिनीनं माझं ताट आणि गिलास मोरीच्या वरच्या फळीवर वेगळा ठेवला. ती वाईट बाई नाही. ताट ठेवताना तिचे डोळे भरले होते. पण ठेवलं.

कुसुमनं ते ताट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिनंही आपलं ताट त्याच फळीवर ठेवलं. यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. तिच्याकडे पाहून मला काय वाटतं हेच मला सापडेना.

खाट

अंगठ्याची जखम चिघळली म्हणून मला दवाखान्यात ठेवून घेतलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि खाटेवरून पाय खाली टेकवायचा नाही अशी ताकीद.

तिथला दिवस पायांचाच असायचा. सकाळी सगळे आपापले पाय घमेल्यातल्या पाण्यात बुडवून ओळीनं व्हरांड्यात बसायचे. मग पाय घासायचे, मग तेल. मग प्रत्येकानं आपले तळवे उलटे करून पाहायचे, आणि ज्याचे दिसत नाहीत त्याचे शेजाऱ्यानं. माझ्या उजव्या पायाचं निभलं, डावा प्लास्टरात होता. वॉर्डात एक मांजर पाळलेली होती. तिचं दूध रोज ठरलेलं असायचं. मला आधी वाटलं लाडाची असेल. नंतर कळलं, झोपेत उंदीर पाय कुरतडतात आणि माणसाला कळत नाही, म्हणून ती आहे. त्यानंतर मीही माझ्या वाट्याच्या दुधातलं तिला ठेवू लागलो.

शेजारच्या खाटेवर देवळीकडचे एक म्हातारे होते, सगळे त्यांना काकाजी म्हणत. दोन्ही हातांची बोटं आखडलेली, पण पत्ते फार छान धरायचे. एकदा कुसुमचा भाऊ पवनारहून आला. पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "भाऊजी, ताईले अन् पोरीले काही दिवस घेऊन जातो." मी म्हटलं, "ने." तो गेला. काकाजी माझ्याकडे पाहत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुह्या पायाले कळत नाई म्हणतं," ते म्हणाले, "अन् तुले तरी काही कळून राह्यलं का बे? बायको चालली माहेरी."

"काही दिवसासाठी."

"माहीबी गेलती काही दिवसासाठी." त्यांनी पत्ते पिसले. "चाल, पान उतर."

आमची लेक लहान, ती आईबरोबर गेली. कुसुम सुरुवातीला एकदा भेटून गेली, मग कापूस वेचणीच्या दिवसांत आली नाही. व्हरांड्यातून एसटी दिसायची. कुणीतरी उतरायचं आणि ती कुसुम नसायची. रात्री झोप मात्र चांगली लागायची, याचंच मला नवल वाटे. कुसुम परत येणार नाही असं मी मनात धरून टाकलं होतं. धरलं की पुन्हा पुन्हा दुखत नाही, असा माझा हिशेब होता. तुम्हीही तिथं असाल तर हा हिशेब करू नका. तो चुकतो की बरोबर येतो हे सोडा, त्यात दिवस वाया जातात.

सुट्टी मिळायच्या दिवशी ती फाटकात उभी होती, लेकीचं बोट धरून. मी सामान बांधत असताना ती डॉक्टरीणबाईंशी व्हरांड्याच्या कोपऱ्यात बोलत होती. बाई हातानं काहीतरी दाखवत होत्या आणि ती मान हलवत होती. माझी नजर जाताच दोघी थांबल्या. मला वाटलं, ती विचारत असणार की अंथरूण वेगळं करायचं का. विचारणारच. मी तिच्या जागी असतो तर मीही विचारलं असतं.

काळा रंग, काळ्या चपला

औषधानं मी काळा पडलो, उन्हात भाजल्यासारखा. महिन्यातून एकदा दवाखान्यात समोर उभं करून एक गोळी गिळायला लावत, त्या दिवशी लघवी लाल व्हायची. घाबरू नका, तेवढ्यापुरतंच असतं. रंग पुढं हळूहळू उतरतो. माझा उतरला.

दवाखान्यानं काळ्या मऊ रबराच्या खास चपला दिल्या, मागं पट्टा असलेल्या. पाय वाचतो त्यांनी. पण आमच्या भागात त्या चपला पाहिल्या की लोकांना माणूस कुठून आला ते कळतं. म्हणून मंगलाचं लग्न होईपर्यंत मी धोतर सोडायचो थेट पावलावर. लग्नात मी मांडवाच्या कडेला बसलो. रोहण्याचा जावई, प्रभाकर त्याचं नाव, फटफटीच घेऊन गेला. पण शिकायला तो माझ्याकडे आला नाही. पडणाऱ्या मास्तराकडे कोण येईल? तो आर्वीच्या कुणाकडून शिकला.

कुसुम माझं सगळं करत होती. संध्याकाळी पाय पाण्यात, मग तेल, मग दिव्याजवळ तळवा धरून पाहणं. रोज विचारायची, "येथी कळते का?" मी म्हणायचो, "नाई." ती म्हणायची, "बरं." आणि पुढं तेल लावायची. अंथरूण तिनं वेगळं केलं नव्हतं. तोंडानं ती कधी वाकडं बोलली नाही.

मग बाईंनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं. पंजा उचलायला जड जात होता, तेव्हा गिअर मी टाचेनं टाकायला शिकलो. पहिल्या दिवशी एकटा फिरून आलो. दुसऱ्या दिवशी कुसुम मागं बसली, तशीच, पाय डावीकडे, हात खांद्यावर.

नाल्याजवळचं डावं वळण ठीक निघालं. थोडी जास्तच आत पडली गाडी, पण मला वाटलं सवय गेली आहे. त्यापुढचं उजवं वळण आलं. मी उजवीकडे झुकलो आणि मागून गाडी ओढली गेली. कुसुम डावीकडे झुकली होती. माझ्यापासून लांब.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. प्रत्येक उजव्या वळणावर तेच. इतक्या वर्षांत जी कधी चुकली नाही, ती आता बंडीवाल्यांसारखी उलटी झुकत होती. वजन खोटं बोलत नाही हे कुणी शिकवलं होतं? मीच ना. मग मला ते ऐकणं भाग होतं. तिचे हात तेल लावतात कारण लावायला हवं म्हणून. अंगाला मात्र माझी शिसारी आली आहे.

हे मला लागलं. टाचणी लागली नाही, वहिनीचं ताट लागलं नाही, हे लागलं. आणि मी ते कित्येक महिने गिळून बसलो, कारण विचारलं आणि ती हो म्हणाली तर मागची जागा कायमची रिकामी होणार होती.

खरांगण्याच्या पुढं

मंगलाच्या घरी बाळाचं बारसं होतं. दादा-वहिनी आदल्या दिवशी एसटीनं रोहण्याला गेले, लेकीला घेऊन. आम्ही दोघं फटफटीवर निघालो. खरांगण्याच्या पुढं एक लांब उजवं वळण आहे. तिथं ती इतकी उलटी झुकली की गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमाकडे सरकली. मी कशीबशी सावरली आणि ब्रेक मारून थांबलो.

"उतर."

ती उतरली. "काय झालं?"

"मले सांग," मी म्हटलं. "किळस येत असन तं सरळ सांग. एसटीनं जात जाऊ. पण असं उलटं काऊन झुकतं?"

"किळस?" तिला खरंच कळलं नाही. "कायची किळस?"

"उजव्या वळणावर दूर काऊन होतं माह्यापासून?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"पाय पाहातो ना मी तुमचा."

"काय?"

"डावा पाय. तुमाले कळत नाई तो कुठं हाय ते. डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं का, गाडीवर त्याईचं ध्यान रस्त्यावर राहीन, पायाकडं तुमी पाहात जा. घसरला तं सांगजा म्हणे. मी बसतो डाव्या अंगाले. वाकल्याशिवाय दिसते का तो? वळणावरच तं घसरते ना."

डावं वळण आठवलं. तिथं गाडी नेहमी जरा जास्त आत पडायची. ती माझ्यापासून लांब झुकतच नव्हती. ती डावीकडे झुकत होती. प्रत्येक वळणावर, डाव्या काय अन् उजव्या काय. आणि वळणाचा मास्तर म्हणवणाऱ्या मला अर्धाच हिशेब दिसला होता.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं बसू देलं असतं तुमी मले मांगं?" ती म्हणाली. "मास्तर ना तुमी. मागच्यानं हालाचं नाई, वाकाचं नाई. येवढ्या जावयाईले माह्यं नाव सांगे तुमी. म्हटलं, जवरीक चालते तवरीक चालू द्या."

हेही मला लागलं, आणि ते मला कळत होतं.

"अन् आताबी पाहा," ती म्हणाली. "पट्टा सुटला हाय."

चपलीचा पट्टा सुटून मागं लोंबत होता. ती तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टा लावू लागली. समोरून कापसाची बंडी येत होती. बंडीवाल्यानं चपला पाहिल्या, मग तिच्याकडे पाहिलं, मग बैलांकडे. मी धोतर खाली ओढायला हात नेला. कुसुमनं तो बाजूला केला. "हालू नका," ती म्हणाली, "काटा मोडला हाय चपलीतबी." काटा काढून तिनं फेकला आणि लुगडं झटकत उठली.

शिवेवर

बारसं झालं. संध्याकाळी निघालो तेव्हा प्रभाकर आम्हाला शिवेपर्यंत पोचवायला आपल्या फटफटीवर आला, पाहुण्यांना पोचवायची रीत म्हणून. त्याच्या मागं मंगला. ते आमच्या मागून येत होते.

गावाबाहेर उजवं वळण आलं. कुसुम डावीकडे वाकली. तिचं वजन कुठं जाणार ते आता मला माहीत होतं. मी माझं अंग थोडं जास्त उजवीकडे टाकलं. बंडीत दोन माणसं बसावीत तसं, एक इकडं, एक तिकडं. माझ्या सगळ्या शिकवणुकीच्या विरुद्ध होतं ते. गाडी सुरळीत निघाली.

शिवेवर थांबलो. प्रभाकर हसत म्हणाला, "काका, काकू उलट्या झुकून राह्यल्या ना! तुमी पडले तवापासून भेल्या वाटते."

मंगलानं मान खाली घातली. तिला सगळं ठाऊक होतं. दादानं मागितलेलं काम झालं होतं, लग्न होऊन बारसंही झालं होतं. कुसुमचा हात माझ्या खांद्यावर होता. तिनं तो दाबलाही नाही, काढलाही नाही. हो म्हणून पुढं जाणं सोपं होतं.

"जावईबापू," मी म्हटलं, "मी गाडीवरून कधी पडलो नाई."

आणि मग सांगितलं. रोगाचं आमच्याकडचं नावच घेतलं, म्हणजे गैरसमज नको. धोतर वर करून चपला दाखवल्या. औषध पूर्ण झालं, रोग गेला, पाय बधिर राहिला, आणि काकू भीत नाहीत, पाय पाहतात.

प्रभाकर कितीतरी वेळ माझ्या पायाकडे पाहत होता. पुढं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. रोहण्याला त्याच्या आईनं माझा कप बरेच दिवस वेगळा ठेवला आणि मंगलाला त्यावरून ऐकावं लागलं. पण त्या संध्याकाळी तो जे बोलला त्यावर मी बरीच वर्षं काढली आहेत.

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हणो, मास्तर पडन कसा?"